पडद्यावरच्या मेश्राम मॅडम

गांधीबाग, नागपूर
१८ ऑक्टोबर २०२२

आदरणीय मेश्राम मॅडम,
उन्मेष चरडेचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीचं पत्र यंदा आधीच टाकतोय. चौथीत तुम्ही सुट्टीचा अभ्यास म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पत्र लिहून पेटीत टाकायला लावलं होतं. बाकीच्यांनी पाचवीत गेल्यावर सोडून दिलं, माझं काही सुटलं नाही. ऑफिसातली पोरं हसतात, की मोबाइल असताना हा पोस्टात जातो. त्यांना काय सांगू, मेसेज केला तर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, आणि पत्राला मात्र पानभर उत्तर.

आता कामाचं. मी 'धडाघर' नावाच्या कंपनीत लागलोय हे मागच्या वर्षी कळवलंच होतं. ठोक कापडाच्या दुकानांच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खालून हमालांची आरडाओरड येते म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीला चारही बाजूंनी रजया ठोकल्या आहेत. ज्या खेड्यांत शिक्षक कमी आहेत तिथल्या शाळांसाठी आम्ही धडे तयार करतो. मोठ्या शहरातल्या दोन बाया आणल्या होत्या, पण त्या अशा बोलतात की आपल्याकडच्या पोरांना वाटेल टीव्हीवर बातम्या लागल्या.

मॅडम, मला तुम्ही हव्या आहात. तिसरी-चौथीचं गणित आणि मराठी मिळून साठ धडे. हिवाळ्यात आठ-दहा रविवार यावं लागेल, गाडी मी पाठवीन. तुम्हाला आठवतं का, आठवी-नववीत आम्हाला दोन वर्षं गणिताला मास्तरच नव्हते. तुमच्या चौथीतल्या गणितावर मी दहावी काढली. तेव्हा असा एखादा पडदा असता तर माझ्यासोबतची निम्मी मुलं नापास झाली नसती. नाही म्हणू नका.

तुमचा विद्यार्थी,
उन्मेष


सोनटोली, ता. कळमेश्वर
५ नोव्हेंबर २०२२

चि. उन्मेष,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

साष्टांग नमस्कार घालायला आठ अंगं जमिनीला टेकवावी लागतात. तुला शाळेच्या मैदानावर खडे वेचायला सांगितलं तरी तुझी पाठ दुखायची. तेव्हा साधा नमस्कार लिहीत जा, मला पोचतो.

कॅमेऱ्यासमोर मी काय बोलणार रे? समोर पोरं नसली तर मला शब्द सुचत नाहीत. गणित मी फळ्यावरून शिकवत नाही, पोरांच्या कपाळावरून शिकवते. कपाळाला आठी पडली की मागे जायचं, आठी गेली की पुढे. तुझ्या रजयांना कपाळ आहे का?

इकडची हालहवाल सांगते. आपल्या संस्थेच्या या शाळेत आता पहिली ते चौथी मिळून एकोणीस पोरं उरली आहेत. शिक्षक दोन, मी आणि मधुकरराव सर. सर एप्रिलात निवृत्त होतील. खरं सांगायचं तर ते तीन वर्षांपूर्वीच झाले, फक्त खुर्चीवरून उठायचे राहिले आहेत.

तिसरीत रोशनी म्हणून एक मुलगी आहे. तिची पहिली लॉकडाऊनमध्ये आईच्या फोनवर गेली. फोनसमोर वर्षभर बसली आणि तिला एक अक्षर आलं नाही. गावाने ठरवून टाकलं की पोरगी मंद आहे. शाळा उघडल्यावर माझ्या लक्षात आलं, मी फळ्याकडे वळले की हिची पेन्सिल थांबते, तिच्याकडे तोंड केलं की चालायला लागते. एक दिवस तिच्या मागे जाऊन डब्याचं झाकण फरशीवर टाकलं. अख्खा वर्ग दचकला, ती लिहीतच बसली. मंद कशाची, तिला ऐकूच येत नव्हतं. ती माझ्या ओठांवरून शिकत होती. शिबिरातून कानाचं मशीन मिळवून दिलं, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून ती खिशात ठेवते. तेव्हापासून मी आधी लिहिते, मग वळते, मग बोलते. आता ती जोडाक्षरांपर्यंत आली आहे. पाचवीला कळमेश्वरला गेली की पन्नास पोरांत तिच्यासाठी कोण वळून बोलणार? तिथे जाण्याआधी तिला स्वतःहून पुस्तक वाचता आलं पाहिजे. वाचता आलं की मग कोणाच्या ओठांची गरज नाही. माझ्याकडे दीड वर्ष आहे.

म्हणून रविवार सोडणं मला जड जातं, ते मी तिला देते. पण तुझ्या आठवी-नववीचं वाचून वाईट वाटलं. येईन. गाडीत ए.सी. लावू नको म्हणावं.

हर्षा मेश्राम


नागपूर
१२ फेब्रुवारी २०२३

आदरणीय मॅडम,
साधा नमस्कार.

साठही धडे झाले! तुम्ही भागाकार शिकवताना आमचा कॅमेरावाला कॅमेरा सोडून बोटं मोजायला लागला. ऑफिसात सगळे तुमचा आवाज काढतात, 'कळलं का रे, की नुसती मान हलवली?' तुमच्या धड्यांवर आमच्या मुलांनी रंगीत चित्रं चढवली आहेत, पाहाल तर तुम्हीच खूश व्हाल.

तुम्ही सह्या केल्या त्या कागदांची प्रत सोबत जोडतोय. मी म्हटलं होतं वाचून घ्या, तर तुम्ही म्हणालात, 'तू वाचलं ना? मग झालं.' मी पेन्सिलीने खुणा केल्या तिथे भराभर सह्या करून मोकळ्या झालात. आम्ही वाचल्याशिवाय सही केली असती तर तुम्ही बाकावर उभं केलं असतं. तरी एकदा नजर घाला.

आपल्या संस्थेचे सचिव आनंदराव परवा ऑफिसात आले होते. धडे त्यांना फार आवडले. पुढच्या सत्रात त्यांच्या सगळ्या शाळांमध्ये पडदे लागतील. सोनटोलीलाही लागेल.

रोशनीला आशीर्वाद.

उन्मेष


सोनटोली
९ जुलै २०२३

चि. उन्मेष,
आशीर्वाद.

कागद मी वाचले नाहीत, फाइलला लावले. तुझ्या हाताला धरून तुला अक्षर गिरवायला शिकवलं, आता तुझेच कागद तपासत बसू का?

पडदा आला. आनंदरावांनी नारळ फोडला, भाषण केलं, नारळाचा मोठा तुकडा स्वतः खाल्ला. मधुकररावांच्या जागी नवीन माणूस दिलेला नाही. म्हणून एका खोलीत मी पहिली-दुसरी घेते आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीला तीच मी पडद्यावरून शिकवते. पहिल्या दिवशी पोरं इकडे बघत आणि तिकडे बघत. चौथीतला आर्यन मला येऊन म्हणाला, "मॅडम, तिकडची मॅडम चिडत नाही जी. तुमी काहून चिडता?"

खोटं बोलणार नाही, आर्यनसारख्यांना फायदा आहे. तो एकच धडा तीनदा लावून घेतो आणि मधुकररावांकडून वर्षभरात आलं नसतं तेवढं त्याला महिन्यात आलं. सर होते तेव्हा ती खोली झोपेसाठीच होती. पडदा निदान झोपत नाही.

पण रोशनी. ती पहिल्या रांगेत बसते. धडा सुरू होतो, माझा चेहरा दिसतो, मी 'नमस्कार मुलांनो' म्हणते आणि ती सरसावून बसते. तेवढ्यात चेहरा जातो आणि आंबे येतात. आंबे उडतात, टोपलीत पडतात, ससा नाचतो आणि मागून माझा आवाज चालू राहतो. तिला त्यातलं काय मिळणार? वीस मिनिटांत माझं तोंड तिला दोनदा दिसतं, नमस्काराला आणि निरोपाला. परवा मधल्या सुट्टीत ती पडद्याजवळ जाऊन त्याच्या मागे बघत होती. मी कुठे गेले ते शोधत होती.

सध्या शाळा सुटल्यावर तासभर मी तिला घेते. माझं एकच मागणं आहे. धड्यात कोपऱ्यात का होईना माझा चेहरा राहू दे. पोस्टाच्या तिकिटाएवढा चालेल, ती तेवढ्यातूनही वाचेल. हे तुझ्या हातात आहे ना?

हर्षा मेश्राम


नागपूर
२२ ऑगस्ट २०२३

आदरणीय मॅडम,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कामाचा फार व्याप आहे. चेहऱ्याचं मी मीटिंगमध्ये मांडलं. वरच्या लोकांचं म्हणणं असं की चेहरा दिसत राहिला तर मुलांचं चित्रांवरचं लक्ष उडतं. आणि साठ धडे पुन्हा बांधायचे म्हणजे मोठं काम आहे. एका मुलीसाठी ते लगेच होईल असं वाटत नाही. मी प्रयत्न सोडलेला नाही.

ऐका ना मॅडम, तुम्ही आहातच ना तिथे. शाळा सुटल्यावर तुम्ही घेताच तिला. मग पडद्याचं एवढं मनावर घेऊ नका.

संस्थेकडून तुम्हाला काही पत्र आलं का? सहज विचारतो.

उन्मेष


कामठी
३० सप्टेंबर २०२३

उन्मेष,

पत्र आलं. तू सहज विचारलंस त्यानंतर आठव्या दिवशी आलं.

सोनटोलीची शाळा आता शाळा नाही, 'अध्ययन केंद्र' आहे. मला संस्थेच्या कामठीच्या हायस्कुलात पाठवलं आहे. शिकवायला नाही, दाखले लिहायला. केंद्रात गावातलीच दीक्षा म्हणून बारावी झालेली मुलगी ठेवली आहे. तिने सकाळी पडदा लावायचा, दुपारी बंद करायचा आणि हजेरी घ्यायची. पोरगी बिचारी चांगली आहे. पण तिला कोणी काही सांगितलेलं नाही आणि सहा हजारात ती काय काय बघणार?

मी आनंदरावांकडे गेले. म्हटलं, एक शिक्षक तरी ठेवा, निदान एप्रिलपर्यंत, एका मुलीचं वाचन अर्ध्यावर आहे. हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठं चालल्या? तुम्ही तर तिथं राहूनच राहिल्या ना. टीव्हीत." मग टेबलावरून एक छापील पुस्तिका सरकवली. तुमच्या कंपनीची. तिच्यात लिहिलं आहे, 'आता शिक्षक नसलेल्या गावातही हर्षा मॅडम.'

ही वाक्यरचना मी ओळखते. तुला एक विचारते, एका शब्दात उत्तर दे. हे असं होणार हे तुला माहीत होतं का?

हर्षा मेश्राम


नागपूर
७ ऑक्टोबर २०२३

आदरणीय मॅडम,

हो.

एका शब्दात सांगितलं. आता पुढचं वाचा किंवा फाडून टाका.

ते वाक्य मीच लिहिलं. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मधुकररावांसारख्यांच्या शाळा होत्या, आमचं हायस्कूल होतं. शिक्षक नसलेल्या गावात मॅडम जातील असं मला म्हणायचं होतं. मॅडम असलेलं गाव कोणी शिक्षक नसलेलं करेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. फेब्रुवारीत आनंदराव आले तेव्हा ते म्हणाले, "मग तर आमच्या पाच शाळांचा खर्च वाचला." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशीच तुम्हाला कळवायला हवं होतं. पत्र लिहायला बसलो आणि चित्रं किती सुंदर झाली तेच लिहीत बसलो. मला नोकरी जायची भीती वाटली. एवढंच आहे, यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

धडे काढून घ्या असं मी साहेबांना म्हटलं. त्यांनी तुमच्या सह्यांचे कागद दाखवले. ते धडे कायमचे कंपनीचे आहेत. मॅडम, त्या खुणा मी केल्या होत्या, आणि ते कलम मी वाचलेलं होतं.

तुम्ही दाखले लिहीत बसल्या आहात हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

उन्मेष


नागपूर
२४ मार्च २०२४

आदरणीय मॅडम,
नमस्कार.

दिवाळीला पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नाही. ते साहजिक आहे. आज मात्र एक चांगली बातमी आहे म्हणून धीर करून लिहितो.

सगळ्या केंद्रांच्या वार्षिक चाचणीचा निकाल आला. सोनटोली केंद्रात पहिली कोण असेल? रोशनी! शंभरपैकी शहाण्णव. वाचन, गणित, सगळ्यात पुढे. मी दोनदा नाव तपासलं. तुम्ही घातलेला पाया कामी आला मॅडम, आणि कदाचित चित्रांतूनही तिने काहीतरी घेतलं असेल. कंपनीने तिच्या घरी प्रमाणपत्र पाठवलं आहे. तुम्हाला बरं वाटेल म्हणून लगेच कळवतोय. मलाही सहा महिन्यांनी पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

उन्मेष


कामठी
१५ एप्रिल २०२४

उन्मेष,

तुझी चांगली बातमी मिळाली. आता माझी ऐक.

बदली झाल्यापासून मी रविवारी सोनटोलीला जात होते. कामठीहून ऑटो, नागपूरहून बस, कळमेश्वरहून मिळेल ते. तीन तास जायला, तीन यायला. रोशनीच्या ओसरीवर बसून आम्ही वाचायचो. आठवड्यात एक दिवस पुरत नाही, सहा दिवसांत निम्मं विसरायची. तरी जानेवारीपर्यंत ती चार ओळींची गोष्ट बोट ठेवून वाचायला लागली होती.

तुझं पत्र आल्यावर गेले तर तिच्या आईने, इंदूबाईने, दारातच प्रमाणपत्र दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लटकवलं आहे. म्हणाली, "मॅडम, शहाण्णव आले तिले. आता काहून रविवारी येता? पोरगी हुशार झाली. तुमचं वय झालं, एवढ्या दुरून येऊन नका राहू. मले बी रविवारी तिले कामाले न्यावं लागते." तिच्या तोंडावर केवढा आनंद होता.

मी रोशनीला घेऊन केंद्रात गेले, दीक्षाला कुलूप उघडायला लावलं. दीक्षाने मला चाचणी दाखवली. कंपनीने दिलेल्या त्या टॅबलेटच्या पाटीवर प्रश्न येतो, खाली चार चौकोन. चुकीचा दाबला की लाल, बरोबर दाबला की हिरवा. लाल झालं तर पुन्हा दाबता येतं आणि शेवटी जे हिरवं होतं त्याचेच गुण धरतात. रोशनी प्रश्नाकडे बघतही नाही. टकटक टकटक चारही दाबते, हिरवं झालं की पुढे. तिच्याएवढी वेगाने कोणीच दाबत नाही. दीक्षा खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मी कंपनीले फोन केला होता. ते म्हणे, पोरांले पुन्हा संधी द्यायची पद्धतच हाय आपली."

इंदूबाईला मी परत येताना सांगितलं, की हे गुण खरे नाहीत. तिने प्रमाणपत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं मी बदलीच्या रागाने बोलते. तुमचा शिक्का आहे त्यावर, माझा काय आहे?

चुका कळल्याशिवाय मूल शिकत नाही उन्मेष. तुम्ही तिच्यापासून तिची चूकच लपवली.

हर्षा मेश्राम


नागपूर
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मॅडम,
नमस्कार.

दिवाळी संपली. यंदा पत्र उशिरा टाकतोय, कारण काम पुरं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मॅडम, झालं. साठही धड्यांत कोपऱ्यात तुमचा चेहरा आला. दोन महिने मी साहेबांच्या मागे लागलो. शेवटी म्हणाले, तुझ्या वेळात कर. सुट्टीच्या दिवशी एकटा बसून जुन्या रेकॉर्डिंगमधून एकेक धडा बांधला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा बराच मोठा आहे, ओठ अगदी स्वच्छ दिसतात. चाचणीतही पहिलंच उत्तर धरायचं हे मान्य करून घेतलं. दोन्ही गोष्टी गेल्या सोमवारपासून सगळ्या केंद्रांत लागू झाल्या.

रोशनी आता पाचवीत कळमेश्वरला असेल. तिला चौथीचे धडे पुन्हा बघता यावेत म्हणून मी एक पाटी वेगळी ठेवली आहे. पत्ता कळवा, मी स्वतः नेऊन देतो. माझ्याकडून जे मोडलं ते थोडं तरी जोडता येईल असं वाटतं. तुम्ही एकदा हो म्हणा.

उन्मेष


कामठी
१ डिसेंबर २०२४

चि. उन्मेष,

तू केलंस ते काम चांगलं आहे. कुठेतरी दुसरी एखादी रोशनी असेल, तिला उपयोग होईल. हे मी मनापासून लिहिते.

पाटी आणू नको. रोशनी पाचवीत अकरा दिवस गेली. तिथल्या सरांनी शहाण्णव गुण पाहून तिला पुढे बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात उभं करून धडा वाचायला सांगितला. ती पुस्तक धरून उभी राहिली. पोरं हसली ते तिला ऐकू आलं नाही, पण दिसलं. सरांना वाटलं मुद्दाम करते. मग तिला शेवटच्या बाकावर बसवलं, आणि बाराव्या दिवशी ती बसमध्ये चढलीच नाही. हे मला दीक्षाने फोनवर सांगितलं, तेही ऑक्टोबरात. इंदूबाईने नको म्हटल्यापासून मी तिकडे गेले नव्हते, दाखले लिहीत होते.

मागच्या रविवारी गेले. घराला कुलूप होतं. मायलेकी संत्र्याच्या बागेत सापडल्या. झाडाखाली ढीग पडला होता आणि रोशनी फळांची निवड करत होती, मोठं इकडे, मध्यम तिकडे, डागी मागे. हात इतका झपाझप चालत होता की ठेकेदार मला कौतुकाने म्हणाला, "ह्या पोट्टीसारखी निवडणारी नाई कोणी." तिथे कोणी तिला काही ऐकायला सांगत नाही. मी समोर बसले, तोंड तिच्यासमोर धरून सावकाश म्हटलं, 'रोशनी, वाचायचं का आपण?' तिने ओठ वाचले, कळलं तिला. मान हलवून नाही म्हणाली आणि पुढचं फळ उचललं.

मी इंदूबाईच्या मागे लागले. सगळं सांगितलं, कानाचं, ओठांचं, आंब्यांचं, हिरव्या चौकोनांचं. म्हटलं, माझी आता सहा वर्षं उरली आहेत, ती सोडून देते, सोनटोलीत खोली घेऊन राहते, रोज शिकवते. फक्त हो म्हण. ती रागावली नाही. उलट माझा हात धरला, जसं काही मलाच समजवायचं होतं.

म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या कोणी शिकवलं असतं तर मी म्हटलं असतं, त्याले जमलं नसन. पण वर्षभर तिथं टीव्हीत तुमीच होत्या ना. मी सोता खिडकीतून पाह्यलं, तुमचाच आवाज होता. तुमच्याकडूनच नाई आलं तिले, मंग आता कोणाकडून येन?"

मी तिथून निघाले.

हर्षा मेश्राम